टेपवाडीची उंच गाडी

तळ्याच्या बाजारात कोंडाजी शिगवण ओळखला जायचा तो त्याच्या मिनीडोरमुळे. तळा ते इंदापूर या रस्त्यावर त्याने उभी हयात ती तीनचाकी हाकली. परवानगी सहा माणसांची, आत बारा, त्यांच्या मांडीवर पोरं, पायाशी कोंबड्या आणि टपावर तांदळाचं बोचकं. एखादी म्हातारी आली की कोंडाजी स्वतः खाली उतरून तिला हात द्यायचा, तिचं लुगडं दारात अडकणार नाही एवढं बघायचा आणि मगच गाडी सुरू करायचा. गाडीत माणूस चढतो कसा, हे त्याच्याइतकं तालुक्यात कुणी पाहिलं नसेल. म्हणूनच पुढे त्याने जे केलं त्याची कीव येते आणि चीडही येते. परक्या म्हाताऱ्यांना नीट बसवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला बायकोच्या वेळी नेमकं तेच सुचू नये, याला काय म्हणायचं?

त्याचं घर टेपवाडीला. तळ्याहून खाडीकडे जाणारा डांबरी फाटा डोंगराच्या पायथ्याशी वडाखाली संपतो, तिथून वर टेपावर ही वाडी. वर पोचलं की खाली मांदाडची खाडी दिसते आणि वाऱ्याने जीव हलका होतो. पण आधी पोचायला हवं. वाट कसली, पावसाळ्यात पऱ्या वाहतो त्याचंच ते उन्हाळ्यात उघडं पडलेलं पात्र. काळवत्री दगड, मधे घसरडी माती आणि अर्ध्यावर एक भलामोठा धोंडा आडवा. त्या धोंड्याला वाडी ‘सासू’ म्हणते, कारण तिच्यासमोरून जाताना प्रत्येकाचं काही ना काही खरचटतंच. जागा जंगलखात्याची, तिथे सुरुंग लावायला बंदी. कोंडाजीने एकदा पहार घेऊन सासूशी दोन हात केले, तर पहारेचं टोक बोथट झालं आणि सासू होती तिथेच बसून राहिली. दर शिमग्याला मुंबईकर मंडळाची मीटिंग होते, रस्त्याचा ठराव होतो, टाळ्या पडतात, आणि पालखी नाचवून झाली की मंडळी मुंबईकडे, नालासोपाऱ्याला आणि दिव्याला परत जातात. मागे राहतात ती पिकली पानं.

कोंडाजीची बायको सोनाबाई या वाटेला कधी वाट म्हणून मोजतच नसे. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन ती सकाळी तळ्याला उतरायची आणि पाटी रिकामी करून दुपारच्या आत वर यायची. मग साखरेच्या दुखण्याने तिच्या किडन्या खाल्ल्या. आठवड्यातून दोनदा माणगावला डायलिसिस करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यासाठी तिच्या डाव्या हातातल्या शिरा जोडून सुया टोचायची जागा केली. त्या हातावर भार द्यायचा नाही, त्याने काही ओढायचं नाही, त्यात बांगडीसुद्धा घालायची नाही. सोनाबाई सगळ्या बांगड्या उजव्या हातात घालायला लागली.

सुरुवातीला प्लास्टिकच्या खुर्चीला बांबू बांधून चौघे तिला वडापर्यंत उतरवायचे. पण चौघे दर खेपेला आणायचे कुठून? वाडीत धड गुडघ्यांची माणसं तेवढी नव्हती. एकदा तिघेच मिळाले आणि सासूपाशी खुर्ची कलली. सोनाबाई पडली नाही, पण खुर्ची धरणाऱ्यांपैकी एकाची कंबर धरली ती कायमची. त्यानंतर ती कुणाला बोलवू देईना. उजव्या हातातली काठी टेकत, दगडादगडावर बसत ती कशीबशी उतरायची आणि चढायची.

त्यांचा मुलगा सुजित नालासोपाऱ्याला राहतो. तो फोनवर म्हणाला, “आबा, आईला इकडं आणा. बिल्डिंगच्या शेजारीच सेंटर आहे, बिल्डिंगला लिफ्ट आहे.”

सोनाबाई बाजूलाच बसली होती. फोन ठेवल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “मी न्हाय जायाची. तितं जाऊन भिंतीकडं बघत बसायचं? जेवढं दिस हायत तेवढं हितंच काढीन. मला हितनं हलवू नका तुमी. एवढा शबूद द्या.”

कोंडाजीने शब्द दिला. बायकोला तिने मागितलेलं काही द्यायची त्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्याने तो जरा जोरातच दिला.

मिनीडोर विकली गेली आणि तिच्या जागी जुनी जिप्सी आली. श्रीवर्धनच्या एका लॉजवाल्याची, किनाऱ्यावर पर्यटक फिरवून फिरवून खाऱ्या वाऱ्याने खालून गंजलेली, पण चारही चाकं ओढणारी. लॉजवाला म्हणाला होता, छोटी आहे पण बकरीसारखी चढते. बकरी चढली ती सासूपर्यंत. तिथे तिचं पोट दगडावर टेकलं आणि चाकं जागच्या जागी गरगर फिरून माती उडवायला लागली. नशीब, सोनाबाई आत नव्हती. दोर लावून, शिव्या घालून, लोकांनी ती मागे उतरवली.

इथंच घोडं पेंड खात होतं. गाडीत ताकद होती, उंची नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोंडाजीने निरगुडीची एक सरळ काठी तोडली आणि पायथ्यापासून वाटेला लागला. प्रत्येक धोंड्याशी काठी उभी करायची आणि धोंड्याच्या उंचीवर कोयत्याने खूण पाडायची. सासूची खूण सगळ्यांच्या वर गेली. वडापासून दारापर्यंत त्याने एकही दगड सोडला नाही. दारात आला तेव्हा सोनाबाई पायरीवर बसली होती. पायांना सूज होती, उठायचं म्हटलं तरी तिला आधी गुडघ्यांवर हात ठेवावे लागत. कोंडाजीने काठी तिच्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवली आणि चहा मागितला.

मग देवीला विचारलं. वाडीत कुणी घर बांधो की म्हैस घेवो, वाघजाईचा कौल घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. गुरवाने देवीच्या अंगाला उजवी-डावीकडे पाकळ्या लावल्या. कोंडाजीने हात जोडले आणि म्हणाला, “आये, गाडी उंच करून घेतो. माझ्या दारात येऊन उभी ऱ्हाईल का? ऱ्हाणार असंल तर उजवी दे.” थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली. देवीने कुणाला फसवलेलं नाही. देव विचाराल तेवढ्याचंच उत्तर देतो, आणि कोंडाजीने आयुष्यभर विचारलं ते गाडीबद्दलच.

माणगावला महामार्गाच्या कडेला ऋत्विकचं गॅरेज आहे. पुण्या-मुंबईची पोरं तिथे आपल्या जीपगाड्या उंच करून घेतात, सुट्टीच्या दिवशी चिखलात नेऊन मुद्दाम रुतवतात, मग एकमेकांना ओढून काढतात आणि त्याचे व्हिडिओ करतात. ज्याला रुतायचं दुःख ठाऊक नाही त्यालाच ही हौस परवडते. ऋत्विकला अशा गिऱ्हाइकांची सवय, त्यामुळे काठी घेऊन आलेला म्हातारा बघून त्याला गंमत वाटली.

“किती उंच करायची, काका?”

कोंडाजीने काठी पुढे केली. “या वरच्या खुणेच्या वर पोट गेलं पायजे.”

ऋत्विकने काठी गाडीशी लावून बघितली. “होईल. पण एवढी उंच केली की वळणावर झुकते, आणि मोठ्या टायरवर आपटते पण जास्त. बसणार कोण आहे हिच्यात?”

“घरचंच माणूस हाय,” कोंडाजी म्हणाला, जणू घरच्या माणसाला हाडं नसतात.

काम झालं ते मात्र चोख झालं. जिप्सीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांची चवड, आक्सलच्या खाली असतात. ऋत्विकने ते आक्सलच्या वर बसवले, त्याबरोबर सगळी गाडी वर उचलली गेली. शॉकअॅब्सॉर्बर लांब घातले, ब्रेकचे पाइप लांब घातले. मग चिखलात चालणारे टायर आले, अंगभर रबराचे गोटे असलेले. ते मडगार्डला घासायला लागले तेव्हा मडगार्ड कापले. चढायला म्हणून दाराखाली लोखंडी पायरीही लावून दिली. शेजारचा पंक्चरवाला बघून म्हणाला, नाकापेक्षा मोती जड झाला. कोंडाजीला ते ऐकूच गेलं नाही. तो खाली वाकून गाडीच्या पोटाकडे आणि काठीवरच्या खुणेकडे आळीपाळीने बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवाचं हसू होतं.

गाडी वाटेला लागली. लो गिअरमध्ये गुरगुरत, एकेका दगडावर पाऊल ठेवावं तशी चढली. सासूवरून जाताना नवी लोखंडी पायरी तेवढी अडकली आणि कडकन उखडून मागे पडली. गाडीचं पोट मात्र स्वच्छ वरून गेलं. त्या वाटेने आजवर कुणाचीही गाडी वर आलेली नव्हती. कोंडाजीने ती थेट दारात उभी केली. वाडी जमली. शेजारची केसर, त्याच्या मयत चुलतभावाची बायको, ताम्हण घेऊन आली. तिने गाडीला ओवाळलं, टायरवर हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. देवीचा कौल खरा झाला.

केसर म्हणाली, “वयनी, बसा आता. पयला मान तुमचा.”

सोनाबाई नवं पातळ नेसून बाहेर आली. गाडीच्या दाराशी येऊन तिने पाय उचलला. पाय गाडीच्या तळापर्यंत पोचला नाही. तिने पातळ जरा वर धरून पुन्हा उचलला, तरी पोचला नाही. डावा हात तिने सवयीने दाराच्या दांडीकडे नेला आणि मधेच आठवण होऊन मागे घेतला. ती हसली. मग सगळेच हसले. कोंडाजीने घरातून पाट आणला, पाटावर पाट ठेवला, तो हलला. मग त्याने मागून तिच्या कमरेला धरलं आणि पोतं चढवावं तसं तिला आत लोटलं. लग्न झाल्यापासून चारचौघांत तिच्या अंगाला त्याचा हात लागलेला नव्हता. सोनाबाई सीटवर बसली ती पदर तोंडाशी धरून, समोर बघत. तिचं हसणं थांबलं होतं, पण ते दिसायच्या आधीच तो स्टिअरिंगशी जाऊन बसलासुद्धा.

मग हेच सुरू झालं. गाडीत कायम एक लाकडी घडवंची ठेवलेली. आधी तिच्यावर चढायचं, मग कोंडाजीने उचलायचं, आणि उतरताना त्याच्या खांद्यावर अंग टाकून द्यायचं. माणगावला हॉस्पिटलच्या फाटकाशी येणारी-जाणारी माणसं थांबून बघत. तरणी पोरं कोंडाजीला टायर कुठले, किती उंच केली असं विचारत, गाडीला टेकून फोटो काढत, आणि तो हौसेने सांगत बसे. सोनाबाई तेवढा वेळ वर बसून राही, कुणीतरी खाली उतरवण्याची वाट बघत.

चढणं-उतरणं तरी निभलं असतं. पण गाडी सासूवरून जायची ती नुसती जायची नाही. पुढची चाकं वर चढायची, क्षणभर थांबायची आणि पलीकडे धप्पकन उतरायची. मग मागची. कडक पाट्यांवरून तो हबका थेट सीटमध्ये यायचा. त्याच्या मधे गाडी अशी कलायची की दरीच दारात यावी. डायलिसिसनंतर माणूस आधीच पिळून काढलेल्या कपड्यासारखं होतं, त्यात हे. सोनाबाईला ओकारी यायची. कोंडाजी विचारायचा, “बरं वाटतंय ना?” ती म्हणायची, “बरं हाय.” आणि हा त्यावर विश्वास ठेवायचा, कारण त्याला ठेवायचा होता.

त्याला खरं सांगितलं केसरने. तो गाडीच्या टायरमधली माती काढत बसला होता, आणि ती अंगणात उभी राहून म्हणाली, “भावोजी, एक सांगू का? वयनी गाडीत बसायच्या आधी पोट बांधून घेतात. बाळंतिणीला बांधतो तसं, जुन्या लुगड्यानं, घट्ट. मलाच गाठ मारायला लावतात. आतलं सगळं हलतं म्हणतात. आणि आदल्या सांजेपासून जेवत न्हायत, ओकारी नको म्हणून.”

“मला का न्हाय बोलली?”

“तुमी एवढ्या हौशीनं केलंत. काय बोलणार?”

कोंडाजी त्याच दिवशी माणगावला गेला. ऋत्विकने पाट्यांतली एकेक पट्टी काढून टाकली, टायरमधली हवा कमी केली. गाडी मऊ झाली, आणि मऊ झाली म्हणून खाली बसली. परत येताना सासूने तिचं पोट धरलं आणि कोंडाजी पुन्हा दोर मागत वाडीत आला. पुन्हा पट्ट्या घातल्या. गाडी चढली आणि सोनाबाईने पुन्हा केसरला हाक मारली. ऋत्विकने शेवटी हात टेकले. “काका, एकच होईल. गाडी वर जाईल, नाहीतर काकूंना त्रास होणार नाही. दोन्ही या वाटेवर होत नाही.” असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ते हेच.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा ती एकदा म्हणाली, “आज जाववत न्हाय. पुढच्या खेपेला जाऊ.” कोंडाजीने ऐकलं. पुढच्या खेपेलाही ती आत जाऊन निजली. तिचं तोंड सुजलं, बोटं सुजली, दोन पावलांवर तिला धाप लागायला लागली. तिसऱ्या वेळी कोंडाजी चिडला, अंगणातून ओरडला, “मरायचं हाय का तुला? गाडी दारात उभी हाय आन् तुला बसाया जड हुतंय?”

सोनाबाई ओट्यावर आली. भांडायचं बळ तिच्यात नव्हतं, त्यामुळे ती सरळच बोलली. “व्हय, जड हुतंय. त्या गाडीचा आवाज आला का मी पोट बांधाया लुगडं शोधाया लागते. त्यापरीस न जाता मेलेलं बरं वाटतं मला. तुमाला खोटं वाटंल, पन बरं वाटतं.”

कोंडाजी अंगणातच उभा राहिला. इतके दिवस तो तिला जगवायला गाडी चालवत होता, आणि ती गाडी चुकवायला मरण पत्करत होती. हे असं दुसऱ्या कुणी त्याच्या तोंडावर सांगितलं असतं तर त्याने त्याला वेड्यात काढलं असतं.

मग तीच म्हणाली, “सुजितला फोन करा. मी जाते तितं.”

“मी तुला शबूद दिलाय.”

“तुमी शबूद पाळलात. गाडी दारात आणलीत. माझाच पाय पोचला न्हाय, त्याला तुमी काय करणार?”

तिने हे रागाने म्हटलं असतं तर कोंडाजीला पेललं असतं. ती समजूत घालत होती.

सुजित आला तो रविवारी, भाड्याची गाडी घेऊन. ती वडाखालीच थांबली. नालासोपाऱ्याच्या खोलीत एका माणसाची जागा होती, ती सोनाबाईला. बापालाही चला म्हणून सुजितने आग्रह केला तो तोंडदेखलाच, आणि त्यात त्याचा दोष नव्हता, खोलीचा होता. वाडीतून निघताना सोनाबाई घरात फिरली नाही, देवापुढे वाकली आणि बाहेर आली. केसरने तिचं पोट बांधून दिलं. कोंडाजीने तिला उचलून जिप्सीत बसवलं. उतारभर त्याने गाडी इतकी हळू काढली की चालणारी माणसं पुढे गेली. तरी सासूपाशी जे व्हायचं ते झालं. सोनाबाईने डोळे मिटून घेतले, आणि कोंडाजीने बाजूला न बघता ते बघितलं.

वडाखाली त्याने तिला खांद्यावर घेऊन खाली ठेवलं. भाड्याची गाडी बुटकी होती, जमिनीला टेकल्यासारखी. सुजित बोचकं मागे ठेवत होता. कोंडाजी हात पुढे करून तिच्याकडे निघाला, तेवढ्यात सोनाबाईने उजव्या हाताने दार उघडलं, वळून सीटवर बसली, एकेक पाय आत घेतला आणि दार लावून घेतलं. मग तिने मान मागे टेकवली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान आलं. फार दिवसांनी आलं. कोंडाजी काचेपाशी वाकून उभा होता, त्याला ते अगदी जवळून दिसलं.

ती म्हणाली, “हिच्यात बसलं काय अन् न्हाय काय, कळतच न्हाय. किती बरं वाटतंय.”

“व्हय,” कोंडाजी म्हणाला.

“जेवत जा. केसरला सांगितलंय मी.”

गाडी डांबरावरून निघाली, तिला एकही धक्का बसला नाही. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत कोंडाजी उभा राहिला. मग वर चढला. रिकामी जिप्सी नेहमीपेक्षा सोपी चढली, सासूला कुठेही लागली नाही, आणि दारात येऊन उभी राहिली.

केसर ओट्यावर वाट बघत होती. “गेल्या?”

“गेली.”

“रडल्या का?”

कोंडाजीने चावी काढली आणि गाडीच्या दाराला धरून सीटवर तसाच बसून राहिला. “न्हाय,” तो म्हणाला. “आपली आपण बसली. मला हात लावू दिला न्हाय, आपली आपण बसली.”